समोरच्या खुर्चीत बसून: जुन्या डावांची वही

८ जून २०२५, रविवार, नौपाडा

आजपासून ही बुद्धिबळाच्या अभ्यासाची वही सुरू करतेय. फुलस्केप, दोनशे पानी, कन्येच्या शाळेच्या सामानातून ढापलेली.

प्रॉब्लेम साधा आहे. मला टॅक्टिक्स (मारामारीच्या युक्त्या) बऱ्यापैकी दिसतात, घणसोलीला ऑफिसला जाता येता ट्रेनमधे मोबाईलवर कोडी सोडवून सोडवून डोळा तयार झालाय. पण प्रत्यक्ष डावात ज्या वेळी मारायला काही नसतं, शह द्यायला काही नसतं, सगळं शांत असतं तेव्हा मला काय करायचं तेच कळत नाही आणि मग हात आपोआप एखादं प्यादं पुढे ढकलतो आणि दहा चालींनी कळतं की त्या प्याद्यानेच घात केला. हे गेली दोन वर्षं चाललंय. म्हणून ठरवलं की आता जुन्या मास्टर लोकांचे शांत डाव घ्यायचे, एकेक डाव आठ-दहा दिवस चघळायचा, घाई नाही.

पद्धत अशी ठरवलीय. जिंकणाऱ्याच्या चाली कागदाने झाकायच्या, आधी आपली चाल लिहायची आणि ती का, हे एका मराठी वाक्यात लिहायचं. वाक्य जमलं नाही तर चाल पण बाद. मग कागद सरकवायचा. इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) पूर्ण डाव संपेपर्यंत बंद.

डाव निवडलेत चार. रुबिनस्टाईन–साल्वे १९०८, कापाब्लांका–टार्टाकोव्हर १९२४, रेशेव्हस्की–पेट्रोशियन १९५३ आणि कारपॉव्ह–उन्झिकर १९७४. पाचवी जागा रिकामी ठेवलीय, बघू कोण येतं ते.

१४ जून, शनिवार

रुबिनस्टाईन–साल्वे, लोड्झ, १९०८. ओपनिंग (डावाची सुरुवात) टॅराश डिफेन्स आहे. दहाव्या चालीपर्यंत काळ्याकडे सी६ आणि डी५ (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी) अशी दोन प्यादी शेजारी शेजारी उरतात, त्यांच्या बाजूला आधाराला कोणी नाही. पांढऱ्याचं, म्हणजे रुबिनस्टाईनचं, कॅसलिंग (किल्लेकोट) झालंय. इथून कागद लावला.

अकरावी चाल. मी ई४ लिहिलं, कारण "मधे फोडाफोडी करावी". त्याने घोडा ए४ ला नेला. कडेला! लहानपणापासून ऐकलंय की घोडा कडेला ठेवू नये.

चौदावी चाल. काळ्याचा उंट जी४ वर आलाय, वजीर बी५ वर आहे, दोघं मिळून ई२ च्या प्याद्यावर टपलेत. मी हत्ती ई१ लिहिली, ई२ राखायला. त्याने एफ३ खेळलं. म्हणजे आपल्याच जी२ च्या उंटाच्या तोंडावर दार लावलं. हे मला अजिबात पटलं नाही, वहीत तसंच लिहून ठेवलंय.

सोळावी, हत्ती एफ२. एकोणिसावी, उंट एफ१. ही चाल बघून तर मी पुस्तकात छपाईची चूक असेल म्हणून दुसरीकडे तपासली. नाही, बरोबर आहे.

वीस चालींत माझ्या सात जुळल्या, त्यातल्या चार तर सरळ मारामारीच्या होत्या ज्या कोणालाही जुळतील.

१५ जून, रविवार

आज खरी गोष्ट घडली ती लिहून ठेवते.

सकाळी पट तसाच मांडलेला होता डायनिंग टेबलवर. आप्पा (सासरे) चहा घेऊन आले आणि थेट काळ्या बाजूच्या खुर्चीत बसले. आप्पा तासगावकडचे, बुद्धिबळ त्यांच्या आजोबांकडून शिकलेत, ते पण देशी पद्धतीने, प्यादं पहिल्या चालीला सुद्धा एकच घर चालणार, आणि राजाला शह बसायच्या आत एकदाच घोड्यासारखी उडी मारता येणार. नंतर सांगलीला कॉलेजात असताना आंतरराष्ट्रीय नियम शिकले. ओपनिंगची नावं त्यांना येत नाहीत पण खेळायला बसले की हलवता हलत नाहीत.

मी म्हटलं आप्पा, तुम्ही इकडे बसा ना पांढऱ्याकडे, जिंकणारा हा आहे, याच्या चाली बघायच्यात. तर म्हणाले, "जिंकणाऱ्याचं काय बघायचंय, त्याचं चांगलंच चाललंय. ह्या बिचाऱ्याला काय करायचं होतं ते सांग आधी."

मला सांगता येईना. आठवडाभर डाव बघतेय आणि साल्वेला काय करायचं होतं हा प्रश्न एकदाही मनात आला नव्हता.

मग दोघांनी बसून काळ्या बाजूने बघितलं. आप्पा लगेच म्हणाले, हे सी६ चं प्यादं मागे राहिलंय, ह्याला एक घर पुढे सी५ ला जाऊ दे, मग दोन्ही प्यादी खांद्याला खांदा लावून उभी, कसली कमजोरी अन् काय. बास. म्हणजे काळ्याला अख्ख्या डावात एकच गोष्ट हवी आहे, सी६ चं प्यादं सी५ ला.

आणि हे एकदा कळल्यावर मी पांढऱ्याच्या चाली परत वाचल्या तर अंगावर काटाच आला. अकरावी घोडा ए४, सी५ वर नजर. बारावी उंट ई३, सी५ वर नजर. तेरावी हत्ती सी१, त्याच फाईलवर (उभ्या रांगेत). पंधरावी उंट स्वतःच सी५ वर जाऊन बसला. उंट बदलले गेले, तर अठरावी वजीर डी४. एकविसावी घोडा सी५. घोडा मारला तर बावीसावी हत्ती सी५. एकाच खोलीत आधी उंट राहिला, मग घोडा, मग हत्ती. भाडेकरू बदलतात पण खोली काही केल्या त्या प्याद्याला मिळत नाही.

मग त्या विचित्र चाली? एफ३ ने ई२ वरचा जोर एका फटक्यात संपला आणि सी५ वर लागलेला एकही मोहरा हलवावा लागला नाही. माझ्या हत्ती ई१ ने ई२ वाचलं असतं पण हत्ती तिथेच बांधला गेला असता. हत्ती एफ२ पण ई२ साठीच आणि विसाव्या चालीला ई३ झाल्यावर दुसरी रांग मोकळी, तेविसाव्या चालीला तोच हत्ती एफ२ वरून सी२ ला. उंट एफ१ ने वजिराला बी५ वरून हुसकायची तयारी. सगळं एकमेकात अडकवलेलं आहे, स्वेटरच्या विणीसारखं.

शेवटी सत्ताविसाव्या चालीला हत्ती सी६ खातो, वजिराने हत्ती घेतला की आपला वजीर ए७ वरचा हत्ती घेतो. हे टॅक्टिक मला लगेच दिसलं होतं. पण हे फळ आहे, झाड आधीच्या पंधरा चालींत वाढलंय.

वहीत आता दोन रकाने पाडलेत. डावीकडे "समोरच्याला काय हवंय", उजवीकडे माझी चाल. डावीकडचं आधी भरायचं.

२२ जून, रविवार

सोळाव्या चालीनंतरची तीच पोझिशन मांडून आप्पांशी खेळले, मी पांढरी. सतराव्या चालीला रुबिनस्टाईन सी५ चा उंट ई७ च्या उंटाशी बदलतो. मला तो बदलायचं जिवावर आलं, इतका मस्त बसलाय तर, म्हणून मागे डी४ ला घेतला. आप्पांनी लगेच सी५ ढकललं आणि हसले पण नाहीत. पुढे मी हरले.

म्हणजे कळलं म्हणजे काय ते. चांगला मोहरा जपायचा नव्हता, घर जपायचं होतं. उंट बदलून गेला तरी घर आपलंच राहतं, आणि काळ्याचा ते घर राखणारा उंट पण जातो. परत मांडून परत खेळलो, ह्या वेळी बरोबरी. आप्पा बचावाला फार चिवट आहेत.

३ जुलै, गुरुवार

कापाब्लांका–टार्टाकोव्हर, न्यूयॉर्क १९२४. हा डाव ट्रेनमधे केला, छोटा मॅग्नेटचा सेट आहे माझ्याकडे, ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून गाडी सुटते तेव्हा खिडकी मिळाली तर मांडीवर पट मावतो. ऐरोलीपर्यंत दोन चाली, रबाळेपर्यंत तिसरी, असा हिशेब.

ह्या स्पर्धेत कापाब्लांका रेटीकडून हरला होता, आठ वर्षांत पहिल्यांदा. स्पर्धा लास्करने जिंकली, कापाब्लांका दुसरा, अलेखाईन तिसरा. हे सांगायचं कारण, डाव बघताना वाटतं की ह्या माणसाला कधी घाईच नसेल, घाम फुटत नसेल, पण तो त्या वेळी जगज्जेता होता आणि नुकताच मार खाल्लेला होता.

एंडगेम (डावाचा शेवटचा भाग) हत्तींचा. चौतिसाव्या चालीला त्याने उंट देऊन एफ५ चा घोडा घेतला, आता दोघांकडे एकेक हत्ती आणि पाच-पाच प्यादी. काळ्याचा हत्ती सी६ वर, सी३ चं प्यादं खायला तयार. पांढऱ्याचा हत्ती एच७ वर, सातव्या रांगेत.

डावा रकाना: काळ्याला सी३ हवंय, मग मागून शह देत बसायचंय.
उजवा रकाना: हत्ती डी७, म्हणजे सी३ गेलं तर मला डी५ मिळेल. हिशेब बरोबरीचा.

कागद सरकवला. राजा जी३! सी३ शहासकट जाऊ दिलं. मग राजा एच४, मग जी६, मग एफ४ पण शहासकट जाऊ दिलं, आणि राजा जी५ वर. दोन प्यादी पाण्यात. गाडी कोपरखैरण्याला पोचली तेव्हा कळलं की घणसोली मागे गेलं.

३९ वी चाल. एफ५ चं काळं प्यादं समोर फुकट उभं आहे, खाल्लं तर हत्तीवर पण हल्ला होतो. मी अर्थातच खाल्लं. कापाब्लांका त्याच्या शेजारून निघून एफ६ ला गेला. आणि आता हत्ती एच८ ची मात समोर. ते प्यादं त्याने मुद्दाम जिवंत ठेवलं कारण तेच त्याच्या राजाला मागून येणाऱ्या शहांपासून आडोसा देतंय! शत्रूच्या छत्रीत पाऊस काढायचा. सी७ घेऊन झाल्यावर, बेचाळिसाव्या चालीला, मग निवांतपणे ते एफ५ खाल्लं.

मी प्यादी मोजते. तो सोंगट्या काय करतायत ते मोजतो. टार्टाकोव्हरचा हत्ती खाण्यात गुंतला आणि राजा एफ८ वर कोंडला गेला. हे मला टार्टाकोव्हरच्या बाजूने बघितल्यावरच नीट दिसलं, कारण त्या बाजूने एकेक प्यादं खाताना आधी बरं वाटतं, दुसरं खाताना पण बरं वाटतं, आणि मग एकदम जाणवतं की राजाला जायला जागाच नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी. उपास. साबुदाण्याची खिचडी आणि एक डाव आप्पांशी, हरले. नोंद एवढीच.

१९ जुलै, शनिवार

रेशेव्हस्की–पेट्रोशियन, झुरिक १९५३, कॅन्डिडेट्स (जगज्जेत्याला कोण आव्हान देणार ते ठरवणारी स्पर्धा). तलावपाळीला एक चक्कर मारून आले आणि मग दोन तास ह्याच्यावर.

ह्यात पेट्रोशियन काळा आणि अडचणीत. पांढऱ्याकडे मधे डी४, ई५ अशी दणदणीत प्यादी, दोन उंट. काळ्याचे मोहरे मागच्या मागे दाटीवाटीने उभे. पंचविसाव्या चालीला पेट्रोशियनने हत्ती ई६ वर ठेवला, जिथे जी४ चा उंट तो सरळ खाऊ शकतो. हत्ती देऊन उंट.

पहिल्यांदा बघताना वाटतं वेडा झालाय. दुसऱ्यांदा मी डावा रकाना भरायला बसले: पांढऱ्याला काय हवंय? ई६ ढकलून सगळं फोडायचंय. हत्ती ई६ वर बसला की ते प्यादं थांबलं. आणि सी६ चा घोडा जिथे नुसता बसून होता तो ई७ वरून डी५ ला जाणार.

डी५ चं घर का चांगलं, हे मी वहीत अख्खं पान लिहिलंय कारण इथे मी आधी एक माती खाल्ली होती. मागच्या आठवड्यात ऑनलाईन एका डावात मी पण असंच हत्ती दिला, घोडा मधे आणला, मनात म्हटलं वा पेट्रोशियन, आणि समोरच्याने सी प्यादं एक घर ढकलून घोडा हाकलला. हत्ती गेला, घर पण गेलं. तीस चालींत डाव संपला.

आता पेट्रोशियनचं डी५ बघा. त्या घरावर पांढऱ्याचं कुठलं प्यादं हल्ला करू शकतं? सी फाईलचं सी३ वर आहे आणि त्याच्या पुढ्यात सी४ वर काळं प्यादं उभं, म्हणजे ते हलणारच नाही. ई फाईलचं ई५ ला गेलंय, प्यादी मागे येत नाहीत. मग मोहरे? ज्या उंटाने हत्ती खाल्ला तो पांढऱ्या घरांचा उंट होता, तो त्याच बदलात गेला. उरलेला उंट काळ्या घरांचा, तो डी५ ला जन्मात पोचणार नाही. वर एफ प्यादं ई६ ला आलं, ते डी५ ला खालून टेकू देतंय. म्हणजे हत्ती फक्त घोड्यासाठी दिला नाही, त्या घराचा एकमेव रखवालदार पण त्याच सौद्यात उचलला. सौदा म्हणावा तर हा.

रेशेव्हस्कीने पुढे स्वतः डी३ वर हत्ती परत दिला. ४१ चालींत बरोबरी. आप्पांनी विचारलं, "एवढं करून बरोबरीच ना?" मी म्हटलं आप्पा, हरलेला डाव होता तो. मग थोडा वेळ बघत बसले आणि म्हणाले, "मग जिंकलाच म्हण की."

२८ जुलै, सोमवार

आज अभ्यास शून्य. बाटुमीला दिव्या देशमुखने वर्ल्ड कप जिंकला, कोनेरू हंपीला टायब्रेकमधे हरवून! फायनलला दोघी आपल्याच. १९ वर्षांची नागपूरची पोरगी, आणि ह्या एका विजयाने ग्रँडमास्टर पण झाली. मी ऑफिसमधे कानात इयरफोन घालून बसले होते, मीटिंगमधे काय बोलणं झालं एक अक्षर आठवत नाही.

रात्री आप्पा सांगलीच्या गोष्टी सांगत बसले, तिथे बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या, आणि बुद्धिबळपटू खाडिलकर बहिणींच्या, वासंती, जयश्री, रोहिणी. रोहिणी खाडिलकर १९८१ ला आशियाई विजेत्या झाल्या तेव्हा आप्पांनी पेपरमधलं कात्रण कापून ठेवलं होतं म्हणे. कन्या मांडी घालून ऐकत होती, नेहमी अशा वेळी मोबाईल हातात असतो, आज नव्हता.

१० ऑगस्ट, रविवार

कारपॉव्ह–उन्झिकर, नीस ऑलिम्पियाड १९७४. रुय लोपेझ ओपनिंग, बंद पोझिशन (प्यादी एकमेकांना अडवून उभी). ए फाईल उघडी आहे, पांढऱ्याचा हत्ती ए२ वर, काळ्याचा ए८ वर, समोरासमोर. तेविसाव्या चालीला उन्झिकरने वजीर डी८ ला घेतला, म्हणजे ए८ ला आणखी जोर.

माझी चाल: हत्ती ई वरून ए१, दोन हत्ती एकामागे एक. वाक्य पण छान लिहिलं, "उघड्या फाईलवर ताबा."
डावा रकाना भरायची सवय झालीय म्हणून भरला: काळ्याला ए फाईलवर हत्ती बदलून टाकायचेत, अडचणीत असलेल्याला बदलाबदली हवीच असते. मग माझ्या हत्ती ए१ ने काय होईल? तो ए२ ला मारेल, मी मारीन, तो दुसरा हत्ती ए८ ला आणेल, सगळे हत्ती संपतील, सुटला. म्हणजे चाल चूक आहे हे कागद सरकवायच्या आधी कळलं! पण बरोबर काय ते नाही कळलं. अर्धा तास बसले.

उंट ए७.

ए फाईलवर मधोमध उंट नेऊन ठेवला. शटर पाडलं. ए२ चा हत्ती मागून उंटाला धरून आहे, त्यामुळे खाता येत नाही, आणि शटरच्या मागे कारपॉव्ह आरामात दुसरा हत्ती ए१ ला आणतो. शटर कधी उचलायचं ते तो ठरवणार. काळ्याला मात्र रोज तिथे पहारा ठेवावाच लागणार.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. सोसायटीत झेंडावंदन झालं, जिलबी खाल्ली आणि आप्पा उन्झिकरच्या खुर्चीत बसले. मी चोविसाव्या चालीनंतर कारपॉव्हच्या चाली वाचून दाखवायच्या आणि आप्पांनी काळ्याकडून जे सुचेल ते खेळायचं, मग खरी चाल बघायची.

दहा चालींनंतर आप्पा गप्प झाले. घोडा बी७ वरून डी८ ला, परत बी७ ला, परत डी८ ला. खऱ्या डावात शेवटी शेवटी राजा एफ८ आणि जी८ मधे फेऱ्या मारतोय. कुठलाही मोहरा मेलेला नाही अशी अवस्था, एकेका प्याद्याची अदलाबदल सोडली तर काही गेलेलं नाही, आणि करायला काही नाही. आप्पा म्हणाले, "अगं हे रिटायर झाल्यावरच्या पहिल्या महिन्यासारखं झालं. घर आहे, पेन्शन आहे, तब्येत आहे आणि सकाळी उठून जायचं कुठे तर कुठेच नाही."

हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मी चहा टाकला.

आणि कळस म्हणजे कारपॉव्ह ए फाईल शेवटपर्यंत उघडतच नाही. एफ४-एफ५ करून राजाच्या बाजूला जातो, पांढऱ्या घरांचा उंट डी१ वरून एच५ ला नेऊन काळ्याचा एफ७ चा उंट बदलून टाकतो, मग वजीर एच५, जी६, घोडा एच५, आणि ४४ व्या चालीला उन्झिकरने डाव सोडला. ए७ चा उंट चोविसाव्या चालीला जिथे बसला तिथेच शेवटी पण बसलेला. वीस चाली तो एकदाही हलला नाही आणि माझ्या मते डाव त्यानेच जिंकलाय.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पावसाने सगळं ठप्प, घरूनच काम. मधल्या वेळात सेमिश–निम्झोविच, कोपनहेगन १९२३ बघितला. पंचविसाव्या चालीला काळा एच६ खेळतो, नुसतं एक घर प्यादं, आणि पांढरा डाव सोडतो कारण काहीही हलवलं की काहीतरी जातं. पांढऱ्या बाजूने पट फिरवून बसले आणि एकेक सोंगटी हलवून बघितली. प्याद्यांच्या दोन-चार चाली उरतात, त्या संपल्या की झालं. यादीत नव्हता हा डाव पण उन्झिकरच्या पाठोपाठ बघायला बरा पडला.

२४ ऑगस्ट, रविवार

कळव्याला एका हॉलमधे एक दिवसाची रॅपिड (कमी वेळाच्या डावांची) स्पर्धा होती, कन्या खेळणार होती म्हणून मी पण नाव दिलं. सहा डाव, साडेतीन गुण. सगळ्यात शिकवणारा डाव बरोबरीचा आहे तोच लिहिते.

समोर नववीतला मुलगा. त्याच्याकडे डी५ ला एकटं प्यादं, माझा घोडा डी४ वर त्याच्या पुढ्यात मस्त बसलेला. पूर्वीची मी असते तर त्या प्याद्यावर धावून गेले असते. आज आधी विचार केला की ह्याला काय हवंय. ई४ ला घोडा हवाय. मग मी एफ३ खेळले, रुबिनस्टाईनची आठवण ठेवून. घोडा ई४ ला आला नाही. पण त्याने दोन्ही हत्ती ई फाईलवर आणले आणि माझं ई३ चं प्यादं धरलं, आणि एफ३ मुळे ई३ ला आता प्याद्याचा आधारच नव्हता, माझा काळ्या घरांचा उंट पण आधीच बदलून गेलेला. पुढचा सगळा डाव मी ई३ ला चिकटून काढला, डी५ राहिलं बाजूला.

घरी येऊन दोन्ही पोझिशन शेजारी शेजारी मांडल्या. रुबिनस्टाईनने एफ३ खेळलं तेव्हा ई प्यादं अजून ई२ वरच होतं. ते ई३ ला आलं ते वजीर डी४ वर येऊन बसल्यावर, म्हणजे तिथे आधीच पहारा लागला होता, आणि काळ्याचे हत्ती तोवर सी६ च्या रक्षणाला सी फाईलकडे वळलेले. माझ्याकडे ह्यातलं काहीच नव्हतं. मी प्रश्न बरोबर विचारला, उत्तर रुबिनस्टाईनच्या वहीतून उतरवलं. डाव्या रकान्यात आता आणखी एक ओळ लिहायची, की त्याला अडवल्यावर त्याला दुसरं काय मिळतंय.

साडेतीन गुणांचा आनंद मात्र आहे. कन्येचे चार.

३० ऑगस्ट, शनिवार

घरात गणपती, पाहुणे, उद्या गौरी येणार. पट माळ्यावर.

१४ सप्टेंबर, रविवार

पाचवी रिकामी जागा भरली. आप्पांनीच भरली. म्हणाले, "तुझ्या यादीत सगळे तिकडचेच, आपल्याकडचा कोणी नाही का?"

मीर सुलतान खान. पंजाबातला, सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला. तो पण आप्पांसारखाच देशी नियमांवर वाढलेला, एकेक घर चालणारी प्यादी. १९२९ ला इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं, मग १९३२ आणि १९३३ ला परत. १९३३ च्या शेवटी भारतात परतला आणि मोठ्या स्पर्धांतून कायमचा गेला. १९६६ ला वारला. फिडेने (बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने) मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ ला. इतक्या उशिरा! आप्पांना हे सांगितलं तर बराच वेळ काही बोलले नाहीत.

डाव: सुलतान खान–कापाब्लांका, हेस्टिंग्ज १९३०-३१. ६५ चाली.

पट मांडला. मी सवयीने पांढऱ्याकडे बसायला गेले तर आप्पा आधीच तिथे बसलेले. तीन महिन्यांत पहिल्यांदा जिंकणाऱ्याच्या बाजूला. मी म्हटलं, काय आप्पा, आज इकडे? "आज मी ह्याच्याकडून," एवढंच म्हणाले आणि प्यादी नीट घरांच्या मधोमध सरकवली.

मग मी कापाब्लांका. तीन जुलैला ट्रेनमधे ज्याने मला घणसोली चुकवायला लावली त्याची खुर्ची. पाचव्या चालीला पांढऱ्याचं ए३, छोटीशी, कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण बी४ चं घर काळ्या उंटाला बंद. आप्पांना ही फार आवडली, "आमच्या देशी खेळातली चाल आहे ही, एकच घर."

एकविसाव्या चालीला काळ्याकडून माझा अंदाज: हत्ती सी१ ला शह देत घुसवायचा, मागून दुसरा सी२ ला. कागद सरकवला, कापाब्लांकाने पण तेच केलंय. जुळली म्हणून खूश होऊन मी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी राजा डी२ ला घेतला, मी दुसरा हत्ती सी२ ला शह देत आणला, आणि त्यांनी विचार न करता वजिराने तो हत्ती खाल्ला. मग राजाने दुसरा. वजीर देऊन दोन हत्ती.

"आता तुझा वजीर एकटा," आप्पा म्हणाले. "सांग, कुठे घुसणार?"

पट बघितला. सी फाईल आता माझी राहिली नव्हती, राजाच्या बाजूला सगळं बंद. माझा वजीर सी४, बी३, ए४ असा फिरून परत डी७ ला आला. तोवर त्यांचे हत्ती सावकाश सी फाईलवर.

एकतीस चाली झाल्यात. कन्येने पट हलवू नये म्हणून वर ताट झाकून ठेवलंय. उरलेल्या चौतीस उद्या रात्री, जेवणं झाल्यावर, ह्याच खुर्च्यांत.